गणितकाकूंचं कच्चं काम

नेपरव्हिलच्या मराठी मंडळात वसुधा खानोलकरला पाठीमागे सगळे 'गणितकाकू' म्हणायचे. हे तिच्या कानावर आलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग शनिवारी पोरं का पाठवत नाहीत?" सांगणाऱ्या बाईने लगेच विषय बदलला. हे असं असतं. नावं ठेवायला सगळे पुढे, आणि पोरं पाठवायची वेळ आली की एकाला सर्दी, दुसऱ्याला स्विमिंग.

तशी वसुधा काही मुळात चिडकी नव्हती. निदान सांगलीत असताना तरी नव्हती. तिथल्या मुलींच्या शाळेत तिने चार वर्षं गणित शिकवलं, आणि आवाज न चढवता मुली गप्प बसायच्या. मग उल्हासरावांचं स्थळ आलं, अमेरिकेतलं, पूल बांधणारा इंजिनिअर, आणि ती शिकागोच्या पश्चिमेला या गावात येऊन पडली. इथल्या शाळेत शिकवायचं तर पुन्हा कॉलेजात जा, पुन्हा परीक्षा द्या, असं कळल्यावर तिने तो नाद सोडला. पुढे पद्मिनी झाली, आणि बर्फ उपसण्यात नि पोळ्या लाटण्यात वर्षं निघून गेली. पण बोटांना खडूची सवय लागलेली, ती काही जाईना. एकदा एका चर्चमधलं जुनं सामान काढायला ठेवलं होतं, त्यात तिला खराखुरा काळा फळा दिसला. उल्हासरावांनी तो गाडीच्या टपावर दोरीने बांधून घरी आणला, वाटेत दोनदा थांबून दोरी आवळत आणि पुटपुटत. फळा बेसमेंटमध्ये लागला आणि शनिवारचा गणिताचा वर्ग सुरू झाला. फी नाही, वर शेवटी बशीभर शिरा. तरी पोरं पाच-सहाच.

मंडळाचं पॉटलक, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण, असलं की वसुधा हातात ताटली घेऊन शिकार शोधत फिरायची. एखादी आई पुरणपोळीपाशी एकटी सापडली की संपलंच. "तुमची मुलगी सहावीत ना? अपूर्णांकांचा भागाकार येतो का तिला?" समोरच्या बाईचा घास तिथेच अडकायचा. कोणी म्हणे, "काकू, शाळेत शिकवतात की." कोणी म्हणे, "आता घरोघरी कॉम्प्युटर आलेत, आकडेमोड करतंय कोण?" एक डॉक्टर तर गुलाबजाम तोंडात ठेवून म्हणाले, "आपल्या मराठी मुलांच्या रक्तातच असतं हो गणित." वसुधाच्या डोक्यात तिडीक गेली. रक्तात काय असतं हे आता डॉक्टरला तिने सांगायचं होतं का? आणि हीच माणसं बर्फातून पाऊण तास गाडी हाकत पोरींना नाचाच्या क्लासला नेतात. नाचाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण तिचं घर पाच मिनिटांवर, तर तिथे यायला म्हणे वाट वाकडी होते.

तिच्या वर्गात नियम एकच होता, पण कडक. कच्चं काम वेगळं आणि पक्कं काम वेगळं. सांगलीच्या शाळेत कच्ची वही आणि पक्की वही अशा दोन असायच्या. इथे कच्च्या वहीच्या जागी उल्हासरावांनी ऑफिसातून आणलेले कॉम्प्युटरचे पाठकोरे कागद होते, कडेला भोकं असलेले, एकाला एक जोडलेले. हातचे, खाडाखोड, चुकलेले गुणाकार, सगळं त्या पाठकोऱ्यावर. मग वहीत वळणदार अक्षरात गणित लिहायचं, पुढे उत्तर, आणि उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. पाठकोरा कागद चुरगळून थेट कचऱ्यात. "आपला पसारा चारचौघांना दाखवायचा नसतो," ती म्हणायची. पद्मिनीची वही बघून कोणीही पोरीची दृष्ट काढली असती. चार वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नव्हती.

उलट विक्रम. तिच्या मैत्रिणीचा, मालिनीचा मुलगा, पद्मिनीच्याच वर्गातला. त्याला वसुधाने नियम सांगून सांगून शेवटी हात टेकले होते. पोरगा वहीतच खरडायचा, वहीतच खोडायचा, बाण काढून एका कोपऱ्यातलं उत्तर दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा. सातचा पाढा विचारला की छताकडे बघायचा. "अरे, तुझी वही म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं अंगण आहे," असं ती त्याला दर शनिवारी ऐकवायची, आणि तो हसत हसत शिरा खायचा.

फेब्रुवारी संपता संपता मालिनीचा फोन आला. "अगं वसुधा, विक्रमला पुढच्या वर्षी अल्जिब्रा मिळालं. मी विचारलंसुद्धा नव्हतं, शाळेनेच कळवलं."

वसुधाला खरंच आनंद झाला. विक्रमला मिळालं म्हणजे पद्मिनीचं तर विचारायलाच नको. पोरीसाठी फोन येईल म्हणून ती दुपारभर स्वयंपाकघरातून हलली नाही. फोन आला तो शाळेतल्या गणिताच्या बाईंचाच, मिसेस लिंडक्विस्टचा. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या की पद्मिनीला आठवीला साधं गणित घ्यावं असं त्यांना वाटतं. तिची अल्जिब्राची तयारी झालेली दिसत नाही.

वसुधाने फोनची वायर बोटाभोवती इतकी गुंडाळली की बोट पांढरं पडलं. 'थँक यू' म्हणून तिने फोन ठेवला, आणि मग त्या 'थँक यू'चाच तिला जास्त राग आला.

हे नुसतं एका वर्षाचं प्रकरण नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथल्या शाळांचा हिशोब असा: आठवीला अल्जिब्रा मिळालं तर बारावीपर्यंत पोर कॅल्क्युलसला पोचतं. नाही मिळालं तर दरवर्षी एक इयत्ता मागे, आणि शाळा संपते तरी कॅल्क्युलस काही येत नाही. मग इंजिनिअरिंगच्या दारात त्या पोराला उभं कोण करतो? आणि पद्मिनीला तर पूल बांधायचे होते. उल्हासराव तिला एकदा ऑफिसात घेऊन गेले होते. शिकागोच्या नदीवरचा पूल मधोमध दुभंगून वर उचलला गेला आणि खालून बोट गेली, ते बघून पोरगी घरी आली ती आइसफ्रुटच्या काड्या नि गोंद घेऊनच बसली. तिच्या खोलीत तसले सात-आठ पूल होते. आणि शाळेने बारा वर्षांच्या पोरीला परस्पर सांगून टाकलं होतं की तुझा रस्ता हा नाही.

संध्याकाळी वसुधा गाडी घेऊन स्टेशनवर गेली. शिकागोची आगगाडी आली, उल्हासराव बर्फातून सांभाळत आले आणि गाडीत बसले. त्यांचा एक पाय अजून बाहेरच होता तेव्हाच तिने सुरुवात केली.

"अगं, दार तरी लावू दे," ते म्हणाले.

"लावा दार. सगळी दारंच लावताहेत आज लोक."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्म्यावरची वाफ पुसत म्हणाले, "शाळेचं काही कारण असेल."

"कारण काय असायचंय? आपण काळे, आपली नावं त्यांना उच्चारता येत नाहीत, हेच कारण."

"विक्रमचं तरी कुठे उच्चारता येतं? त्याला घेतलंच ना."

ह्या माणसाचं हेच तिला सहन होत नसे. भांडायला घ्यावं तर हा मुद्द्याचं बोलतो. "तो मुलगा आहे," ती म्हणाली. "मुलींना गणित येत नाही हे यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं." त्यावर त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यात तथ्य असू शकेल असं त्यांनाही वाटलं असावं.

मालिनीने आणखी तेल ओतलं. "जाऊ दे गं," ती फोनवर म्हणाली, "मुलीची जात. बायॉलॉजी घेईल, डॉक्टर होईल. तिथे कुठे लागतंय एवढं गणित?" डॉक्टर औषधाचा डोस काय डोळे मिटून काढतात का, असं वसुधाच्या ओठांवर आलं होतं. पण मालिनीशी भांडण म्हणजे निम्म्या मंडळाशी भांडण, म्हणून तिने कढईत काहीतरी करपतंय असं सांगून फोन ठेवला.

सगळ्यात जास्त संताप मात्र पद्मिनीचा आला. ती रडली नाही, चिडली नाही. "इट्स फाइन, आई," एवढं म्हणून ती आपल्या खोलीत गेली. कसलं डोंबलाचं फाइन?

मिसेस लिंडक्विस्टना भेटायला शाळेत जायच्या दिवशी वसुधाने चांगली सिल्कची साडी काढली. खाली बर्फाचे बूट, वर लांब कोट. पिशवीत पद्मिनीच्या चार वर्षांच्या गणिताच्या वह्या, पुरावा म्हणून. उल्हासराव येतो म्हणत होते, पण तिने त्यांना कामाला पाठवलं. तिथे त्यांनी 'शाळेचंही बरोबर आहे' म्हटलं असतं तर तिचं डोकंच फिरलं असतं. पद्मिनीला तिने ओढूनच आणलं होतं. पोरगी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती.

मिसेस लिंडक्विस्ट निवृत्तीला आलेल्या, गळ्यात साखळीने अडकवलेला चष्मा, हाताला खडू लागलेला. वसुधाने मनात राक्षसीण उभी केली होती, तशी ती बाई नव्हती. त्यामुळे भांडण आणखी अवघड झालं.

अल्जिब्रासाठी पोरं निवडायला शाळेने घेतलेला पद्मिनीचा पेपर बाईंनी समोर ठेवला. दहा गणितं, दहा उत्तरं, प्रत्येक उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. सहा बरोबर, चार चूक. बाकी कागद कोरा. मग त्यांनी दुसरा पेपर काढला आणि नाव दिसू नये म्हणून वरचा भाग दुमडला. पण कोंबड्यांनी उकरलेलं ते अंगण वसुधाने एका नजरेत ओळखलं. त्याचीही चार चूकच होती.

बाई म्हणाल्या, "हा मुलगा कुठे चुकला ते मला दिसतं. इथे वजाबाकी चुकली, इथे घाई केली. त्याला विचार कळलाय. तुमच्या मुलीचं मला काहीच दिसत नाही. बरोबर आली ती कशी आली, आणि चुकली ती का चुकली. तिने अंदाजाने लिहिलं असेल, शेजारच्याचं बघून लिहिलं असेल, किंवा सगळं डोक्यात केलं असेल. मी काय समजायचं?"

शेजारच्याचं बघून. वसुधाने पिशवीतून चारही वह्या काढल्या आणि बाईंच्या टेबलावर आपटल्याच म्हणा ना. "बघा," ती म्हणाली. "चार वर्षांचं काम आहे हे. एक खाडाखोड शोधून दाखवा."

बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश पानं उलटली. घाई नाही, कुत्सित हसणं नाही. एक वही झाली, दुसरी झाली. मग त्यांनी वही मिटून तिच्यावर हात ठेवला. "फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण यात गणित कुठे आहे?"

सांगलीत कुठल्या मुख्याध्यापिकेनेही तिला असला प्रश्न विचारला नव्हता. गणित कुठे असणार? पाठकोऱ्यावर होतं आणि पाठकोरे कचऱ्यात गेले. शाळेच्या पेपरातसुद्धा पद्मिनीने वेगळ्या कागदावर कच्चं केलं होतं, मग पक्कं उतरवून काढलं होतं, आणि जाताना कच्चा कागद शहाण्या मुलीसारखा टोपलीत टाकला होता.

"आय टोल्ड यू, आई," पद्मिनी खाली बघत म्हणाली. "मी सांगितलं होतं, दे वॉन्ट द वर्क. तू म्हणालीस, पसारा दाखवायचा नसतो."

सांगितलं होतं का? वसुधाला अंधुक आठवलं. कणीक भिजवताना कधीतरी पोर काहीतरी बोलली होती खरी. हिने हाताने गप्प बस अशी खूण केली असेल.

मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या की वसंताच्या सुट्टीनंतर पुन्हा पेपर घेता येईल. अट एकच. सगळं कागदावर दिसलं पाहिजे, चुकलेलंसुद्धा.

घरी आल्यावर वसुधाने कोटही न काढता जेवणाच्या टेबलावर पाठकोरा कागद ठेवला. पेन्सिल ठेवली. "तीन चतुर्थांश भागिले दोन पंचमांश. कर माझ्यासमोर."

पद्मिनीने डाव्या हाताचा आडोसा केला आणि त्याच्या मागे लिहायला लागली. वसुधाने तो हात उचलून बाजूला ठेवला. हात परत आला. तिने परत उचलला. मग तिने जे पाहिलं त्याने ती कोटासकट खुर्चीत बसली. पोरीने पहिला अपूर्णांक उलटा केला होता, दुसरा तसाच. मग खोडून दोन्ही उलटे केले. मग नुसती आईच्या तोंडाकडे बघत बसली, कुठलं बरोबर म्हणते ते कळावं म्हणून.

"अगं, हे तुला पाचवीपासून येतंय. वहीत सगळी बरोबर आहेत."

पद्मिनीने पेन्सिल खाली ठेवली. मग बोलली. पुस्तकाच्या मागे उत्तरं असतात. ती पाठकोऱ्यावर एकेक प्रकार करून बघायची, मागच्या उत्तराशी जुळला की तेवढा वहीत उतरवायची, बाकीचं कचऱ्यात. पेपरात मागे उत्तरं नसतात.

"चार वर्षं मला फसवलंस तू," वसुधा म्हणाली. तिचा आवाज सांगलीत कधी चढला नव्हता तेवढा चढला.

आणि मग पद्मिनी, जी 'इट्स फाइन' म्हणून खोलीत जाणारी मुलगी होती, तीही ओरडली. इंग्लिशमध्येच ओरडली. "तुला कोणाचीच चूक बघायची नसते. विक्रम चुकतो तर तू त्याला सगळ्यांसमोर कोंबडी म्हणतेस. मी चुकले असते तर मला काय म्हटलं असतंस?"

वसुधाकडे याचं उत्तर होतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. पॉटलकमध्ये ती लोकांच्या पोरांचे अपूर्णांक विचारत हिंडत होती, आणि तिच्या घरातल्या पोरीला अपूर्णांकांचा भागाकार येत नव्हता. तिने चार वर्षांत आपल्या मुलीची एकही चूक पाहिली नव्हती, आणि ती चुकत नाही म्हणून पाहिली नाही असं समजून खुशाल झोपत होती. बाईंचं म्हणणं तिला आता टोचलं. पोरीची तयारी नव्हतीच. फक्त ते बघायला कोणाला जागाच ठेवली नव्हती, आईने.

राग गेला असं नाही. राग होताच, पण तो आता कोणावर काढायचा हे कळेना. तिने उठून कोट काढला, मोजायच्या कपांचा जुडगा काढला आणि रव्याचा डबा टेबलावर आदळला. पाऊण कप रवा एका भांड्यात ओतला. "यात अर्धा कप किती वेळा भरेल?"

पद्मिनीने अर्धा कप भरून काढला. उरलेला रवा त्याच कपात ओतला. कप निम्मा भरला. "एकदा," ती म्हणाली, "आणि अर्धा वेळा."

"म्हणजे दीड. पाऊण भागिले अर्धा, दीड. आता तू पहिला उलटा केला असतास तर दोन तृतीयांश आलं असतं. म्हणजे पाऊणात अर्धा एकदाही मावत नाही. मावतो की नाही?"

पद्मिनी रव्याकडे बघत राहिली. "ओह," ती म्हणाली, आणि त्या 'ओह'मध्ये दोन वर्षांचा गोंधळ होता. वसुधाने पाचवीला तिला 'दुसरा उलटा करून गुण' एवढंच सांगितलं होतं. का करायचा ते सांगायला ती विसरली होती, कारण तिला स्वतःला ते कोणी सांगावं लागलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाठकोरे कागद निघायचे. पण पद्मिनीचा डावा हात काही आडोसा सोडेना. चुकलं की लगेच खोडरबराने कागद फाटेपर्यंत घासायची. वसुधा कितीही म्हणाली की खोडलेलं राहू दे, तरी पोरीचा विश्वास बसेना. आणि का बसावा? सांगणारी बाई कोण, तर फळ्यावर कधीही न चुकणारी. आणि ती चुकत का नव्हती? आदल्या दिवशी प्रत्येक गणित घरी सोडवून, आकडे सोपे निघतील असे बेतूनच ती फळ्यापाशी जायची, म्हणून.

पुढच्या शनिवारी बेसमेंटमध्ये तिने टाकीचं गणित घातलं. दोन नळ टाकी भरतात, तळाला एक भोक आहे, तर टाकी किती तासांत भरेल. हे गणित ऐकलं की विक्रम दरवेळी विचारायचा की भोक आधी बुजवत का नाहीत. आजही त्याने विचारलं. वसुधा म्हणाली, "ते जाऊ दे. आज आकडे तूच सांग. मी तयारी केलेली नाही."

विक्रमला आसुरी आनंद झाला. पहिल्या नळाला पाच तास. दुसऱ्याला सात. भोकाने टाकी रिकामी व्हायला चार.

हे असले आकडे कोणी देतं का? वसुधा फळ्याकडे वळली. सामाईक छेद एकशे चाळीस. अठ्ठावीस, वीस, पस्तीस. खडू मोडला. मागे पोरं कुजबुजत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पाठीवर डोळे जाणवत होते. एक आकडा खोडला, परत तोच लिहिला. बेरीज केली, त्र्याऐंशी. एकशे चाळीस भागिले त्र्याऐंशी. "दोन तासांच्या आत भरेल," ती म्हणाली, आणि घाम पुसताना कपाळाला खडू लागला.

मग मागून पद्मिनीचा आवाज आला. "पण आई, एका नळालाच पाच तास लागतात. आणि खाली होल आहे. मग दोन तासांत कशी?"

वसुधा वळली. पद्मिनी उठून फळ्यापाशी आली होती. ती वरून एकेक ओळ बोटाने वाचत खाली आली आणि पस्तिसापाशी थांबली. "हिअर. तू भोकाचं पाणी ॲड केलंस. ते मायनस पाहिजे."

खरंच की. तेरा. एकशे चाळीस भागिले तेरा, म्हणजे दहा तासांहून जास्त. विक्रम खो खो हसत होता. "काकू, कोंबडी," तो म्हणाला. इतर कुठल्या शनिवारी त्याची धडगत नव्हती. वसुधाने त्याच्याकडे डोळे वटारले खरे, पण पस्तिसाआधीचं अधिकचं चिन्ह पुसलं नाही. नुसती आडवी रेघ मारून बाजूला वजा लिहिलं, आणि ते तिथेच राहू दिलं. पद्मिनी त्या रेघेकडे बघत होती.

पुन्हा पेपर झाला. निकालाचा फोन आला तेव्हा वसुधाने वायर बोटाला गुंडाळली नाही, टेबलाची कड धरली. पद्मिनीला अल्जिब्रा मिळालं होतं. पेपर घरी आला तो बघून मात्र तिने कपाळावर हात मारला. काय ते अक्षर, काय ते बाण, जागोजागी खोडलेलं, कडेला रव्याच्या कपाचं चित्रसुद्धा. आणि शेवटच्या गणितात, सगळी रीत बरोबर करून, सात आणि आठाचा सामाईक छेद काढताना कार्टीने चोपन्न लिहिले होते. सात आठे चोपन्न. गणितकाकूंच्या पोटच्या पोरीने. आणि त्या चुकलेल्या उत्तराला बाईंनी पाचापैकी चार गुण दिले होते. हे कसलं गुण देणं, असं ती उल्हासरावांना जेवताना दोनदा म्हणाली. ते म्हणाले, "मग परत करून येऊ का एक-दोन?" तिने त्यांच्या ताटात न विचारता भात वाढला.

आपल्या पोरांच्या रेघोट्या फ्रिजवर लावणाऱ्या अमेरिकन आयांना वसुधा आजवर हसत आली होती. दुसऱ्या दिवशी मालिनी चहाला आली तेव्हा खानोलकरांच्या फ्रिजवर तो पेपर लावलेला होता.

मालिनीने जवळ जाऊन पाहिला. "अगं, शेवटचं चुकलंय ना हे? चुकलेलं काय लावतेस?"

"चुकलंय," वसुधा म्हणाली. "कुठे ते सांग."

मालिनीने कुरकुरत बोट लावलं, ओळ ओळ खाली आली, आणि चोपन्नपाशी थांबून हसायला लागली. पण हसता हसता ती पुन्हा वर गेली, तो सगळा गिचमिड रस्ता परत वाचत. "बाकी सगळं येतंय की हिला," ती म्हणाली.

तेवढ्यात पद्मिनी शाळेतून आली. तिने दप्तर टाकलं, मालिनीमावशीला हाय म्हटलं, आणि दप्तरातून एक पाठकोरा कागद काढून आईपुढे धरला. खोडलेलं सगळं जसंच्या तसं होतं. डावा हात खिशात होता.

"आई," ती म्हणाली, "मला हे येत नाहीये."

हे वाक्य वसुधाने तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, ना मराठीत, ना इंग्लिशमध्ये. अक्षर भयंकर होतं. जिभेवर आलेली कोंबडी तिने कशीबशी गिळली, मालिनीचा चहा तसाच गॅसवर सोडला आणि शेजारची खुर्ची ओढली.